उन्हाचा रकाना

सोलांना सात उन्हं लागतात.
रसात बुडवायची, उन्हात टाकायची,
परत रसात, परत उन्हात.
सासूने शिकवलं तेव्हा बोटांवर मोजून घेतलं होतं.
यंदा अकरा झाली, तरी सालं
ओल्या चामड्यासारखी लिबलिबीत.

दिगूचं घर तीन वाजता माझ्या खळ्यात येतं.
आधी तुळशीपाशी, मग हळूच सुपांवर,
पाचाच्या सुमारास थेट चुलीपर्यंत,
पाय न धुता.

तीन मजले. वर टाकी,
टाकीवर सिमेंटचा गरुड.
आमची आळी म्हणजे गुडघाभर गडगे,
वाकून शिरायची दारं,
माडांच्या कमरेखाली राहणारी नळ्यांची छपरं.
आता माडच त्याच्या गॅलरीपाशी ताटकळतो,
येऊ का म्हणून.

पंचायतीत अर्ज घेऊन गेले.
ग्रामसेवक पोरसवदा, खुर्ची दिली त्याने.
हद्द सोडून बांधलंय का, आजी?
नाही.
पाणी अडवलंय? वाट?
नाही. नाही.
मग अडवलंय काय?
ऊन, म्हटलं.
त्याने माझा सातबारा उलटसुलट करून पाहिला.
विहिरीत चार आणे हिस्सा होता,
फणस एक, आंबे दोन, सामाईक,
कधीच मेलेल्या एका चुलत्याचं नाव होतं.
उन्हाला रकाना नव्हता.

दिगू बाहेर पायरीवरच भेटला.
"माज्या जाग्यात बांधलंय, काकी.
सतरा वर्सां बोटीच्या इंजिनात भाजलंय,
तेचा ह्या घर."
आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

त्याची आई, गुणाबाय,
आमच्या खळ्याच्या कडेला उभी राहायची
करवंटी पुढे धरून.
पुढे ये असं कोणी म्हटलं नाही.
मी नवी सून. चहा मीच ओतायचे.
वरून.
कुळकायद्यात तिला ती साडेतीन गुंठे लागली
तेव्हा मामंजींनी नऊ वर्षं कोर्टात घातली.
घर बांधू देऊ नये, आळीची शोभा जाईल,
असं त्यांच्या अर्जात होतं.
शोभातला श मीच दुरुस्त केला होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा आला.
"आजये, पप्पा म्हणतत, सोलां गच्चीर घाल."
गेले नाही.
तिसऱ्या दिवशीही नाही.
चौथ्या दिवशी सालांना वास यायला लागला,
मग सुपं डोक्यावर घेतली.

वरती ऊन मावळेपर्यंत असतं.
वारा पडलाय म्हणत होते मी वर्षभर,
तो सगळा इथे होता.
आणि समुद्र. चाळीस वर्षं नुसता ऐकला,
तो हा, सुरूंच्या मागे,
वाळत घातलेल्या लुगड्यासारखा.
खाली माझं घर:
कोनाशी फुटलेले नळे,
पन्हळीत कुणाची तरी एक चप्पल,
खळं एवढंसं, हातरुमालाएवढं.
मी तिथे राहते हे मला पटेना.

पश्चिमेला, रुजायबाईच्या भाटात,
चुन्याच्या रेघा मारल्या होत्या.
सळ्या आत्ताच पुरुषभर.
दिगू कठड्याला टेकून तिकडेच बघत होता.
"पुण्याचे कोण ते. पाच मजले म्हणतत."
बऱ्याच वेळाने,
"तेंचो जागो."

सोलं पाच उन्हांत झाली.
काळी, आखडलेली, मीठ फुललेलं.
अर्ज मी मागे घेतलेला नाही,
तो विचारतही नाही.
आगळाची बाटली द्यायला गेले
तर त्याच्या उंबऱ्याबाहेर
उगाच जरा जास्त वेळ उभी राहिले.
"आत ये गो काकी," म्हणाला,
आणि बाटली घेता घेता,
इकडेतिकडे बघत,
"तो तुजो अर्ज.
पयल्या वळीत काय लिवलेलंस?"

कार्बनची प्रत कुठेतरी ठेवलीय,
फडताळात, नाहीतर पेटीच्या तळाशी.
शोधते आहे.
शुद्धलेखन तपासून देईन.